सरकली की सरकवली

‘‘कोणी?’’ ताईंनी विचारलं.

‘‘कोणी काय कोणी? चहा सांडला,’’ पैलवान म्हणाला.

‘‘तेच विचारतेय. कोणी?’’

पैलवानानं पायाशी पसरलेल्या चहाकडं बघितलं, उपड्या पडलेल्या कपाकडं बघितलं आणि मग थेट माझ्याकडं बघितलं. मी आपला दाराशी स्टुलावर बसलेला. माझा त्या चहाशी काडीचा संबंध नव्हता.

‘‘मामा, तुम्ही तरी सांगा की यांना.’’

‘‘मला मध्ये ओढू नकोस,’’ मी म्हणालो.

‘‘बरं. गुडघा लागला.’’

‘‘कोणाचा?’’

‘‘माझा! माझा गुडघा, मी सांडला, आणि आता मीच पुसतो!’’ पैलवान ओरडला आणि सगळी खोली खो खो हसायला लागली. ताईसुद्धा हसल्या. फडकं मात्र त्यांनी पैलवानाच्याच हातात दिलं.

दर बुधवारी दुपारी आमच्या तुरुंगात हा खेळ चालायचा. मी तिथला शिपाई. आतली माणसं मला मामा म्हणतात. खाकी दिसली की ती कोणालाही मामाच म्हणतात, त्यात माझं कौतुक काही नाही. उभ्या नोकरीत मी कुलपं लावली, कुलपं काढली, भांडणं सोडवली, डोकी मोजली. पण गोल खुर्च्या मांडून गुन्हेगार गप्पा मारतायत आणि मी दाराशी बसून ऐकतोय, हे म्हणजे अतीच झालं. वरून हुकूम आला होता की मनाच्या डॉक्टर येतील, कैद्यांशी बोलतील, आणि दाराशी एक माणूस बसवा. माझे गुडघे कामातून गेलेले, मनोऱ्यावर चढणं जमेना, म्हणून जेलरसाहेबांनी मला तिथं बसवलं.

पहिल्या दिवशी घरी जाऊन मी बायकोला म्हटलं, ‘‘बोलून माणसं सुधारतात म्हणे. मग आम्ही इतकी वर्षं कुलपं कशाला लावत बसलो?’’

‘‘तुम्ही ऐकून तर बघा,’’ ती म्हणाली. ‘‘ऐकायची सवय लागली तर आमचंही भलं होईल.’’

त्या डॉक्टर म्हणजेच या ताई, वयानं तशा लहानच. माझ्या थोरल्या मुलीएवढ्या असतील. मला वाटलं होतं, भाषण देतील, चांगलं वागा, वाईट वागू नका वगैरे. तसलं काही नाही. त्यांचं सगळं दुकान एका शब्दावर चालायचं. कोणी काहीही सांगितलं की त्या विचारायच्या, ‘कोणी?’ आवाज चढवून नाही हं. आपण शेजाऱ्याला किती वाजले विचारतो ना, तसं. लोकांनी त्यांचं नावच पाडलं, कोणीताई.

आणि मग माझ्या लक्षात यायला लागलं. आमच्याकडं येणारी माणसं काही करतच नाहीत हो! त्यांचं डोकं फिरतं. हात उठतो. चाकू लागतो. पैसे इकडचे तिकडे होतात. जगातल्या वस्तू आपापल्या मर्जीनं हलतात आणि हे बिचारे मध्ये सापडतात. इतकी वर्षं मी हेच ऐकत आलो होतो, पण कानावरून जात होतं.

गटात एक मास्तर होते, खरोखरचे मास्तर. शाळेत व्याकरण शिकवायचे आणि शाळेच्याच पैशात हात घालून इथं आलेले. ते एकदा उठून म्हणाले, ‘‘ताई, तुम्ही मानसशास्त्र म्हणता, पण हे आमचं व्याकरणच आहे. फुटलं आणि फोडलं. तुटलं आणि तोडलं. पडला आणि पाडला, मध्ये फक्त एक काना.’’

‘‘अगदी बरोबर,’’ ताई म्हणाल्या. ‘‘मग मास्तर, शाळेचे पैसे?’’

‘‘गेले,’’ मास्तर पटकन बोलून गेले. मग त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. शेवटी म्हणाले, ‘‘नेले. मी नेले.’’ आणि खाली बसले. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

मला त्या खेळाची इतकी सवय झाली की एक दिवस घरात बायको म्हणाली, ‘‘दूध उतू गेलं,’’ आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘कोणी?’’

‘‘असं का?’’ ती म्हणाली. ‘‘आता बिनदुधाचा चहा प्यायचाय. कोणी? तुम्ही.’’

या सगळ्यांत एक माणूस गप्प असायचा. त्याला सगळे वायरमन म्हणायचे. तुरुंगातले पंखे, ट्यूब, घंटा, पाण्याची मोटर, सगळं त्याच्या हातात होतं. बाहेर असताना तो आणि त्याचा धाकटा भाऊ मिळून विजेची कामं करायचे. धाकटा अंगानं हलका, तो वर चढायचा. हा थोरला, खाली शिडी धरून उभा राहायचा. एके दिवशी स्वतःच्याच घरात पंखा बसवताना धाकटा शिडीवरून पडला, उंबऱ्यावर डोकं आपटलं आणि जागच्या जागी गेला. दोघांचं भांडण चाललं होतं आणि यानं शिडी ओढली, असं समोरच्या खिडकीतल्या शेजाऱ्यानं कोर्टात सांगितलं. कोर्टानं ते मानलं. यानं कधीच मानलं नाही.

‘‘शिडी सरकली,’’ तो म्हणायचा. दर बुधवारी हेच.

‘‘कोणी?’’ ताई विचारायच्या.

‘‘शिडी आहे ताई. सरकते. तिला कोणी लागत नाही.’’

ताई मान हलवायच्या आणि पुढच्या माणसाकडं वळायच्या. जोर म्हणून कधी केला नाही. मला तर राग यायचा. मी एकदा म्हटलंही, ‘‘अहो ताई, दोन दिवस माझ्या ताब्यात द्या, बोलतं करतो.’’ त्या म्हणाल्या, ‘‘मामा, तुम्ही त्याला बोलतं कराल. मला त्यानं बोलायला हवंय.’’ आता यात फरक काय, ते मला तेव्हा कळलं नाही.

त्याची आई भेटीला यायची. वाकलेली, पण जीभ चांगली खणखणीत. जाळीच्या अलीकडं मी उभा असायचो, पलीकडं ती, आणि मध्ये तिच्या तक्रारींचं गाठोडं. तक्रारी सगळ्या सुनेच्या, म्हणजे त्या गेलेल्या धाकट्याच्या बायकोच्या. नवरा गेल्यावर ती माहेरी गेली नाही. शिवणकाम करून घर चालवते आणि म्हातारीला सांभाळते.

‘‘घर आहे की काय आहे!’’ म्हातारी सांगायची. ‘‘फरशीला पाण्याचा थेंब लावत नाही बघ. गुडघ्यावर बसून कोरड्या फडक्यानं पुसते. अरे, कोरड्यानं कधी फरशी निघते का? आणि माझ्या हातून तांब्या कलंडला की धावत सुटते, जसं काही घर पेटलंय. टिपून घेते, पुन्हा टिपते, पुन्हा हात लावून बघते.’’

‘‘असू दे गं आई. तुला दोन वेळा नीट जेवायला घालते ना?’’

‘‘घालते. ते नाही म्हणत मी. पोटच्या लेकीनं केलं नसतं इतकं करते. पण फरशी!’’

मी घरी जाऊन बायकोला सांगायचो आणि आम्ही दोघं हसायचो. बायको म्हणायची, ‘‘सुनेत एवढाच दोष सापडला म्हणजे सून सोन्याची आहे.’’

असं वर्ष गेलं असेल. मग एका बुधवारी त्या खोलीतली ट्यूब लुकलुकायला लागली.

ते छत उंच. एरवी वायरमन कुठंही काम असलं की टेबलावर टेबल ठेवून वर चढायचा, पण शिडी म्हणून घ्यायचा नाही. सगळ्यांना ठाऊक होतं, कोणी काही बोलत नसे. इथं मात्र टेबलावर टेबल ठेवूनही हात पुरेना. आता तुरुंगात शिडी आणणं म्हणजे काय सोपं आहे? शिडी आमच्याकडं बंदुकीपेक्षा जास्त जपतात. मी जेलरसाहेबांकडं गेलो, परवानगी काढली, कोठीचं कुलूप उघडलं, पैलवानाच्या खांद्यावरून ती आणली आणि भिंतीला लावली.

वायरमन मागं सरकला. ‘‘मी नाही चढणार.’’

‘‘मग मी चढतो,’’ पैलवान म्हणाला. शिडीनं त्याच्या वजनाखाली असा आवाज केला की मीच त्याला खाली ओढला.

शेवटी मास्तर तयार झाले. काडीसारखा माणूस. वायरमननं त्यांना सांगितलं, स्टार्टर कुठं असतो, कसा फिरवून काढायचा. ते दोन पायऱ्या चढले आणि खाली बघून म्हणाले, ‘‘अहो, पण धरा की कोणीतरी.’’

सगळे वायरमनकडं बघायला लागले. मीही बघितलं. ताईंनी मात्र मुद्दाम खिडकीबाहेर बघितलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

तो पुढं आला. खाली वाकून त्यानं शिडीच्या पायाशी फरशीवर तळहात फिरवला, तिच्या पायांची रबरी बुचं दाबून बघितली. सवयीचं काम असतं तसं. मग दोन्ही हातांनी शिडी धरली. मास्तर वर गेले, स्टार्टर बदलला, ट्यूब लागली, मास्तर खाली उतरले. याचे हात सुटेनात. मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तरी सुटेनात. शिडी मोकळी, आणि हा धरून उभा.

‘‘लहानपणापासून असंच,’’ तो शिडीलाच सांगत असल्यासारखा म्हणाला. ‘‘तो वर, मी खाली. त्या दिवशी वरूनच म्हणाला, दादा, मला दुसऱ्या गावी नोकरी लागलीय, आम्ही दोघं नवराबायको चाललो. मी म्हटलं, आणि मी? तो हसला. म्हणाला, तू काय, धर की कोणाची तरी शिडी. वाईट मनाचा नव्हता हो. थट्टा करत होता. सगळ्यांची करायचा. माझी जास्त करायचा. आणि मग शिडी…’’

मला वाटलं, ताई आता विचारणार. त्यांनी विचारलं नाही.

‘‘मी सरकवली,’’ वायरमन म्हणाला.

एक ‘व’. एवढंच. पण त्या अक्षरासाठी तो माणूस किती वर्षं अडून बसला होता ते मी बघितलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, मी टोपीनं डोळे पुसले. पैलवान तर उघड रडत होता. ताईंनी जाऊन वायरमनची बोटं एक एक करून शिडीवरून सोडवली.

त्यानंतर तो बदलला म्हणजे काही हसायला खिदळायला लागला असं नाही. पण जेवायला लागला. झोपायला लागला. आणि त्याची सुटका जवळ आली.

आता सुटल्यावर जाणार कुठं, हा प्रश्न. म्हातारीचा हट्ट, घरीच यायला पाहिजे. ‘‘माझे डोळे मिटायच्या आत एक तरी लेक घरात दिसू दे,’’ ती जाळीला धरून म्हणायची. त्यालाही घरच हवं होतं. दुसरं काही तो मागतच नव्हता. आईच्या खाटेशेजारी जमिनीवर झोपायला जागा मिळाली तरी पुरे, असं म्हणायचा. पण घर चालवणारी सून. तिनं निरोप पाठवला की आधी भाऊजींना एकदा भेटीन, एक गोष्ट विचारीन, मग ठरवीन.

भेटीच्या आदल्या खेपेला म्हातारीनं त्याला जाळीतून बजावलं, ‘‘ती विचारेल ते मला ठाऊक आहे. तू आपलं म्हण, शिडी सरकली. मी इतकी वर्षं तेच सांगत आलेय. शेजारी काय, कोर्ट काय, बाहेरची माणसं. घरात आपण तेच बोललो म्हणून घर टिकलं. ती घेईल तुला. फक्त शहाणपणा करू नकोस.’’

बुधवारी त्यानं ताईंना विचारलं, ‘‘काय सांगू तिला?’’

‘‘ते मी नाही सांगणार,’’ ताई म्हणाल्या.

मला असला राग आला! वर्षभर त्याला अक्षर शिकवलं, आणि आता ऐन वेळेला हात झटकतायत? त्याला बराकीत परत नेताना मी जिन्यात थांबवलं.

‘‘हे बघ,’’ मी म्हटलं, ‘‘ताईंसमोर बोललास, मनावरचं उतरलं, झालं की नाही? आता तिच्यासमोर एक अक्षर गिळ की रे बाबा. कोणाचं काय बिघडतं? म्हातारीचे किती दिवस राहिलेत?’’

‘‘मामा,’’ तो म्हणाला, ‘‘तुम्ही बरोबर बोलताय.’’ आणि पुढं चालायला लागला. मला वाटलं, पटलं याला.

भेट त्याच खोलीत ठेवली होती. जाळी नाही, मध्ये फक्त एक टेबल. अर्ध्या तासाची परवानगी. म्हातारी आली, तिच्या मागं सून. मी म्हातारीच्या तक्रारींवरून कोणीतरी तोंडाळ, ठसकेबाज बाई डोळ्यांसमोर आणली होती. ही शांत. हातानं शिवलेली कापडी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली. बोटांवर सुई टोचल्याच्या खुणा. ताई कोपऱ्यात बसल्या, मी दाराशी.

‘‘बरे आहात, भाऊजी?’’ तिनं विचारलं.

‘‘बरा आहे.’’

‘‘मला एकच विचारायचंय. त्या दिवशी शिडी कशी सरकली?’’

‘‘अगं, सरकली म्हणजे सरकली,’’ म्हातारी मध्येच म्हणाली. ‘‘किती वेळा तेच तेच? सांग रे तिला.’’

त्यानं आईकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, म्हणजे म्हण बाबा, म्हणून टाक. त्यानं टेबलावर दोन्ही हात ठेवले.

‘‘सरकली नाही. मी सरकवली.’’

गेलं, मी मनात म्हटलं. घर गेलं याचं. म्हातारीनं डोळे मिटून घेतले.

सून रडली नाही, ओरडली नाही. जराशी पुढं झुकली आणि म्हणाली, ‘‘फरशी ओली होती का?’’

‘‘फरशी?’’ त्याला कळेना. मलाही कळेना.

‘‘त्या सकाळी मी फरशी धुतली होती. तुमचे वकील कोर्टात म्हणाले, फरशी ओली होती म्हणून शिडी सरकली. तुम्हीही तेच म्हणालात. आई अजून तेच म्हणतात. शेजारी म्हणतो, तुम्ही ओढली. मी कोणाचं धरू? मी घरात नव्हते, दुकानात गेले होते. जाताना फरशी धुऊन गेले होते. ओली होती का, भाऊजी?’’

त्याचं तोंड पांढरं पडलेलं मी बघितलं. त्याला आत्ता, त्या क्षणी कळत होतं, आपण अंगावरून झटकलं ते कोणाच्या अंगावर जाऊन पडलं. मलाही तेव्हाच कळलं. म्हातारीच्या सगळ्या तक्रारी माझ्या कानात परत वाजल्या. गुडघ्यावर बसून, कोरड्या फडक्यानं. टिपून घेते, पुन्हा टिपते, हात लावून बघते. आणि मी घरी जाऊन हसलो होतो.

‘‘कोरडी होती,’’ तो म्हणाला. तिच्याकडं बघून त्यानं पुन्हा म्हटलं, ‘‘कोरडी होती. शिडी लावायच्या आधी मी तळहात फिरवून बघतो. नेहमी बघतो. त्या दिवशीही बघितला. दारातून ऊन येत होतं, फरशी कधीच वाळली होती. शिडी पक्की बसली होती. मी दोन्ही हातांनी धरली होती आणि दोन्ही हातांनी सरकवली. फरशीचा काही संबंध नाही. तुझा काही संबंध नाही.’’

‘‘नक्की?’’

‘‘नक्की. कोरडी खडखडीत होती.’’

मग ती रडली. टेबलावर डोकं ठेवून, लहान मूल रडतं तसं हुंदके देत. म्हातारी उठली, तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली आणि स्वतःही रडायला लागली. ‘‘मला काय ठाऊक, पोरी? तू हे मनाशी धरून बसलीस, मला काय ठाऊक? मी आपली लेकाला झाकत होते गं. तुझ्याकडं बोट जातंय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.’’

अर्धा तास केव्हाच होऊन गेला होता. माझ्या हाताशी घंटा होती. मी ती वाजवली नाही.

बऱ्याच वेळानं सुनेनं तोंड पुसलं. ‘‘भाऊजी, तुम्ही खरं बोललात, तर मीही खरंच बोलते. तुम्ही घरी येऊ नका. त्या खोलीत तुम्ही वावरलेलं मला बघवणार नाही. पुढंमागं कधी बघवेल की नाही, ते आज सांगता येत नाही. आईंना मी सांभाळीन, त्याची काळजी करू नका. तुम्ही राहाल तिथं त्या तुम्हाला भेटायला येतील. पण घरी नको.’’

‘‘बरं,’’ वायरमन म्हणाला.

म्हातारी काहीतरी बोलायला गेली. त्यानंच तिला हातानं थांबवलं.

त्यांना फाटकापर्यंत सोडून मी परत आलो तर जेलरसाहेब दारात उभे. ‘‘भेट इतकी कशी लांबली?’’ मी नेहमीप्रमाणे म्हणणार होतो, साहेब, वेळेचं लक्षात राहिलं नाही. तोंडातून निघालं, ‘‘मी लांबवली, साहेब.’’ ते माझ्याकडं बघतच राहिले. मग नुसतं ‘हूं’ करून निघून गेले.

ताई अजून खोलीतच होत्या. एकट्या, खुर्च्या उचलून ठेवत. माझ्या मनात होतं ते मी बोललो. ‘‘ताई, तुमच्या त्या एका अक्षरापायी त्याचं घर गेलं.’’

त्या खुर्ची धरून उभ्या राहिल्या. डोळे भरलेले. ‘‘मला वाटलं होतं, ती घेईल त्याला. वरून मी काही बोलले नाही, पण मनातून मला अगदी तसंच वाटत होतं. खरं बोलला तर घर मिळेल. चुकलं.’’

‘‘कोणी?’’ मी म्हटलं. देवाशपथ, मुद्दाम नाही. सवयीनं गेलं तोंडातून.

ताई रडता रडता हसल्या. ‘‘मी चुकले, मामा. मी.’’

मग मला त्यांची दया आली. त्यांच्या हातातली खुर्ची घेतली आणि म्हटलं, ‘‘जाऊ द्या. तो काही चुकला नाही.’’

ताईंनी त्याची सोय एका मोटर वाइंडिंगच्या कारखान्यात केली. मालक ओळखीचा, कारखान्याच्या वर एक खोली, नळ सामाईक. वायरमननं ते सगळं मान खाली घालून ऐकलं आणि विचारलं, खोलीला खिडकी आहे का? आहे म्हटल्यावर त्याला बरं वाटलं. आई आली तर तिला खिडकीशी बसायला आवडतं, म्हणाला. पैलवानानं त्याला मिठी मारून त्याच्या बरगड्या दुखवल्या. ‘‘कोणी दुखवल्या?’’ मास्तरांनी विचारलं आणि सगळे हसले.

सुटकेच्या सकाळी त्याला मोठ्या फाटकापर्यंत न्यायला मीच गेलो. खरं तर माझी पाळी नव्हती. त्याच्या हातात त्याची पिशवी होती, अंगात जुना शर्ट, आता ढगळ झालेला. छोटा दरवाजा उघडला तर समोर म्हातारी, रिक्षातून उतरून फाटकाला टेकून उभी. एकटीच.

‘‘आलास रे बाबा,’’ ती म्हणाली आणि त्याच्या तोंडावरून हात फिरवला. जाळीशिवाय. मी दुसरीकडं बघितलं.

‘‘ती नाही आली?’’ त्यानं हळूच विचारलं.

‘‘मला रिक्षात बसवून दिलं आणि मागं फिरली. म्हटलं, चल की फाटकापर्यंत, तर म्हणते, काम आहे. काम कसलं डोंबलाचं! फरशी धुतेय.’’

वायरमनच्या हातातली पिशवी खाली टेकली.

‘‘हो ना! त्या भेटीपासून हेच चाललंय. आधी थेंब लावत नव्हती, आता बघावं तेव्हा बादली. नुसती ओतते आणि खराट्यानं लोटते. खाटेखाली, दारात, उंबऱ्यावर, सगळीकडं पाणीच पाणी. घरात पाय टाकायला कोरडी जागा म्हणून ठेवत नाही. काही बोलायची सोय नाही. एकदा रागावले तर हसली मला. कितीतरी वर्षांनी हसली, तेही माझ्यावर!’’

‘‘बादलीनं?’’ तो म्हणाला.

‘‘अरे, बादलीनं! तेच सांगतेय मी मघापासून.’’

तो फाटकाच्या पायरीवर बसला आणि त्यानं दोन्ही हातांत तोंड झाकलं. म्हातारी घाबरली. ‘‘रडायला काय झालं? मी आपली तक्रार सांगतेय.’’

‘‘काही नाही,’’ तो तसाच म्हणाला. ‘‘तू ओल्यात जपून चालत जा, आई.’’

‘‘मला काय होतंय? मी उठले की ती खराटा टाकून येते आणि माझा हात धरते. दारापर्यंत धरून नेते.’’

त्यानं बाहीनं डोळे पुसले, पिशवी उचलली आणि उठला. रस्ता ओलांडायचा होता, त्यानं आईचा हात धरला.

‘‘धुऊ दे तिला,’’ तो म्हणाला. ‘‘भरपूर धुऊ दे.’’